मुलींचा फिगर स्केटिंग पोशाख

फिगर स्केटिंग या बर्फावरील क्रीडाप्रकारात मुली सहसा लवचीक कापडाचा, अंगाबरोबर बसणारा व आखूड घेराचा एकसंध पोशाख वापरतात. आखूड घेराची ही पद्धत मुळात लहान मुलीच्या कपड्यांतून आली. १९२४ च्या शामोनी येथील हिवाळी ऑलिंपिकमध्ये नॉर्वेची ११ वर्षांची सोन्या हेनी आखूड झग्यात उतरली. प्रौढ स्पर्धक त्या काळी लांब घागरे घालत. हेनी शेवटची आली, परंतु उड्या व गिरक्यांना मोकळीक देणारा हा झगा पुढे प्रौढांनीही स्वीकारला.

आज प्रवाह उलटा आहे. प्रौढ खेळाडूंचे पोशाख मुलींसाठी लहान मापात शिवले जातात. पोशाख शालीन व क्रीडास्पर्धेस साजेसा असावा, भडक वा नाटकी नसावा आणि त्यातून अतिरिक्त नग्नतेचा आभास होऊ नये, असा आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघाचा नियम आहे. त्यात वयाचा उल्लेख नसल्याने निर्णय पालक व प्रशिक्षकांवर येतो. विशेषतः त्वचेच्या रंगाची जाळी दुरून उघड्या अंगासारखी दिसते. लहान मुलींच्या पोशाखात तिच्याऐवजी पोशाखाच्याच रंगाचे अपारदर्शक कापड लावता येते. २००४ पासून स्त्रियांना विजारीचाही पर्याय आहे.

वाढत्या अंगाचे कपडे घेण्याची घरगुती सवय येथे उपयोगी पडत नाही, कारण सैल कापड गिरकीत सरकते. खांद्यापासून जांघेपर्यंतचे माप कमी पडल्यास हात वर करताना पोशाख ओढला जातो. मणी पक्के शिवलेले असावेत. पोशाखाचा भाग बर्फावर पडल्यास एक गुण कापला जातो.