हरित इमारती : विजेबरोबर श्वासाचाही हिशेब

बंगळुरू : समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेल्या बंगळुरूची सौम्य हवा ही या शहराची जुनी ओळख. एके काळी येथील कचेऱ्यांत छताचा पंखा आणि उघडी खिडकी पुरेशी होत असे. माहिती तंत्रज्ञान उद्योगाच्या विस्ताराबरोबर आलेल्या काचेच्या बंदिस्त इमारतींनी हे चित्र पालटले. काचेतून ऊन आत येते, खिडक्या उघडत नाहीत आणि वातानुकूलन यंत्रणा दिवसभर चालवावी लागते. शहराचा उन्हाळाही तीव्र होत आहे. २४ एप्रिल २०१६ रोजी येथे ३९.२ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. या पार्श्वभूमीवर व्यापारी इमारतींच्या हरित रचनेला येथे विशेष महत्त्व आले आहे.

संकल्पना आणि नियम

वीज, पाणी व बांधकाम साहित्याचा कमी वापर आणि आत काम करणाऱ्यांना पुरेसा प्रकाश व स्वच्छ हवा, ही हरित इमारतीची मुख्य लक्षणे मानली जातात. देशात व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन इमारत संहिता २००७ मध्ये आली आणि २०१७ मध्ये सुधारण्यात आली. १०० किलोवॉट किंवा त्याहून अधिक जोडभार असलेल्या इमारतींचा तीत विचार आहे. सुधारित संहितेच्या किमान पातळीवर नेहमीच्या इमारतीच्या तुलनेत सुमारे २५ टक्के, तर सर्वोच्च पातळीवर ५० टक्के ऊर्जाबचत अपेक्षित आहे. याखेरीज ‘लीड’, ‘गृह’ आणि भारतीय हरित इमारत परिषदेची मानांकने ऐच्छिक आहेत.

नाल्याकाठची कचेरी

डोमलूर भागातील ‘टेरी’ या संशोधन संस्थेची इमारत हे शहरातील बोलके उदाहरण आहे. मुंबईच्या सर जे. जे. वास्तुकला महाविद्यालयात शिकलेले वास्तुरचनाकार संजय मोहे यांनी तिची रचना केली. जागेच्या दक्षिणेला दुर्गंधीयुक्त नाला होता आणि वाराही त्याच दिशेने येत असे. त्यामुळे दक्षिणेची बाजू बंद ठेवून तेथे दुहेरी भिंत उभारण्यात आली. काळ्या कडप्प्याची ही भिंत उन्हाने तापते, पोकळीतील हवा गरम होऊन वर जाते आणि तिची जागा घेण्यासाठी उत्तरेकडील मोकळी, थंड हवा इमारतीत ओढली जाते. अडचणीच्या जागेवरही यंत्राविना वायुवीजन साधता येते, हे या इमारतीने दाखवले.

दोन भागांची तुलना

बंगळुरूमध्ये मुख्यालय असलेल्या इन्फोसिसने हैदराबादजवळील पोचारम संकुलात वेगळा प्रयोग केला. तेथील एका इमारतीचे दोन समान भाग करून एका भागात सुधारित पण प्रचलित पद्धतीचे वातानुकूलन, तर दुसऱ्यात छताच्या काँक्रीटमधील नळ्यांतून थंड पाणी फिरवण्याची ‘रेडियंट कूलिंग’ पद्धत वापरण्यात आली. दुसऱ्या भागात वातानुकूलनासाठी सुमारे ३४ टक्के कमी ऊर्जा लागली. तापमानाबाबत समाधानी कर्मचाऱ्यांचे प्रमाणही त्याच भागात अधिक आढळले. बचत आणि सुखसोय यांत विरोध असतोच असे नाही, हा या तुलनेचा अर्थ.

हवेचा मेंदूवर परिणाम

मात्र वीज वाचवण्यासाठी बाहेरची हवा कमी घेतली, तर बंदिस्त खोलीत कार्बन डायऑक्साइड साचतो. रंग, गोंद व गालिचे यांतून निघणारी रसायनेही तेथेच घुटमळतात. हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २४ जणांवर केलेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नेहमीच्या कार्यालयासारख्या हवेपेक्षा हरित इमारतीसारख्या हवेत निर्णयक्षमतेच्या चाचणीतील गुण सरासरी ६१ टक्क्यांनी अधिक आढळले. ताज्या हवेचे प्रमाण आणखी वाढवल्यावर ही वाढ १०१ टक्क्यांवर गेली. सहभागींची संख्या लहान असली, तरी वायुवीजनात काटकसर महागात पडू शकते, असा इशारा त्यातून मिळतो.

पाण्याची परीक्षा

बंगळुरूसाठी कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटर अंतरावरून उपसून आणावे लागते. म्हणजे वाया गेलेल्या पाण्याबरोबर वीजही वाया जाते. २०२४ च्या उन्हाळ्यातील टंचाईत पाणीपुरवठा मंडळाने बागा, वाहने धुणे व बांधकामासाठी पिण्याचे पाणी वापरण्यास बंदी घातली आणि व्यापारी इमारतींच्या नळांना पाण्याची धार कमी करणारी जाळी बसवणे बंधनकारक केले. ज्या संकुलांत सांडपाणी शुद्ध करून शौचालये व बागेसाठी वापरले जाते, त्यांचा पिण्याच्या पाण्यावरील भार अशा वेळी कमी असतो.

प्रमाणपत्रानंतर काय?

या वाटेवरील मोठी अडचण आर्थिक आहे. चांगल्या रचनेचा खर्च विकासक करतो. विजेचे बिल मात्र भाडेकरू कंपनी भरते. त्यामुळे बचतीचा लाभ खर्च करणाऱ्याच्या पदरी पडतोच असे नाही. दुसरे असे की, अनेक मानांकने आराखड्याच्या आधारे दिली जातात. यंत्रणेची देखभाल ढिली पडली किंवा तापमान विनाकारण खाली ठेवले, तर कागदावरील बचत प्रत्यक्षात उतरत नाही. म्हणूनच दरवर्षीचा प्रति चौरस मीटर वीजवापर, पाण्याचा हिशेब आणि आतल्या हवेचे मोजमाप उघड करणे, हीच हरित इमारतीची खरी कसोटी ठरते. दर्शनी भागातील फलकापेक्षा तेथे दिवसाचे आठ-नऊ तास घालवणारा कर्मचारी संध्याकाळी किती ताजातवाना बाहेर पडतो, हे अधिक महत्त्वाचे आहे.