नाळ कापण्याआधी

मराठी समीक्षेत 'मातीशी नाळ' हा शब्दप्रयोग आता इतका झिजला आहे की तो वाचताना रक्ताने भरलेली, ठोके देणारी खरी नाळ कोणाच्याही डोळ्यांपुढे येत नाही. प्रबंधांतून ग्रामीण लेखकाची नाळ 'जुळलेली' असते, शहरी नायकाची 'तुटलेली' असते, आणि जिथे ती 'पुरली' ते गाव त्याला जन्मभर सुटत नाही. या साऱ्याच्या आधी ती कोणीतरी कापलेली असते. केव्हा कापली आणि ती वेळ कोणी ठरवली, याकडे मात्र आपण क्वचितच पाहतो.

हा प्रश्न आम्हांला वेरूळला भेटला. पंधराव्या म्हणजे दशावतार लेण्यात (दंतिदुर्ग राष्ट्रकूटाचा शिलालेख आहे तेच हे लेणे) शेषशायी विष्णू कोरलेला आहे. त्याच्या नाभीतून कमळ निघाले आहे आणि त्या कमळावर ब्रह्मदेव बसला आहे. कमळाचा पोकळ देठ तो नाल, आणि बाळाच्या बेंबीला असते तीही नाळच, हा शब्दसंबंध आम्ही विद्यार्थ्यांना सांगत होतो. तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, ही नाळ कापतं कोण?" देवाची नाळ कोणी कापीत नाही, एवढेच उत्तर त्या वेळी देता आले.

माणसांच्या नाळेविषयी मात्र आपल्या धर्मशास्त्राने बराच विचार केलेला आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात मुलाचा जातकर्म संस्कार नाळ कापण्यापूर्वी करावा असे सांगितले आहे; मंत्र म्हणून मध, तूप आणि सुवर्ण चाटवायचे ते याच वेळी. बाराव्या शतकातील विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेत तर नाळ तुटेपर्यंत सोयर लागत नाही असे वचन आहे. म्हणजे जन्म आणि अशौच यांच्यामध्ये एक मोकळा अवकाश होता, आणि तो नाळेने मोजला जाई. हा अवकाश बाळाच्या प्रकृतीसाठी राखलेला नव्हता, विधीसाठी होता. आणि समंत्रक विधी मुलग्याचाच. मुलीसाठी तोच विधी मनूने मंत्रांविना सांगितला आहे. वैद्यक अधिक व्यवहारी आहे. बाळाचा प्राण स्थिर झालेला पाहून, त्याचे तोंड स्वच्छ करून, मग नाळ कापावी असा चरकाचा क्रम आहे. बेंबीपासून आठ अंगुळे अंतर सोडून ती दोऱ्याने बांधावी आणि मगच छेदावी, असे सुश्रुत सांगतो.

पण पाते हाती धरणारी बाई या ग्रंथांची वाचक नव्हती. रसेल आणि हिरालाल यांच्या 1916 च्या ग्रंथात मांग समाजातील स्त्रिया सुईणीचे काम करीत अशी नोंद आहे. मंत्र एकाचे आणि विटाळ दुसरीचा, अशी ही वाटणी होती. भारताच्या अनेक भागांतील सुइणी वार पडेपर्यंत नाळ कापीत नसत. बाळ निपचित असेल तर वारेला ऊब देत. या ज्ञानाचे श्रेय त्यांना कोणी दिले नाही. अर्थात त्यांना देव्हाऱ्यात बसवण्याचेही कारण नाही. अस्वच्छ विळ्या-पात्यांनी कापलेल्या नाळेतून धनुर्वात होऊन असंख्य अर्भके दगावली. माता आणि नवजातांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे भारतापुरते मान्य झाले ते 2015 मध्ये.

प्रसूतिगृहांनी स्वच्छता आणली आणि तिच्याबरोबर घाईही आणली. आईचा रक्तस्राव रोखण्यासाठी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जी पद्धत रूढ झाली, तीत बाळ बाहेर येताच नाळेला चिमटा लावणे हाही एक भाग होता. वास्तविक एरॅस्मस डार्विनने (चार्ल्सच्या आजोबांनी) 1801 मध्येच लवकर नाळ बांधणे बाळाला अपायकारक असल्याचे लिहिले होते. पुढे चाचण्यांतून दिसले की थांबल्याने आईचा रक्तस्राव वाढत नाही. उलट पहिल्या मिनिटात सुमारे 80 आणि तीन मिनिटांत सुमारे 100 मिलिलिटर रक्त वारेतून बाळाकडे जाते. तीन किलोच्या बाळाच्या अंगात एकूण रक्त असते पाव लिटरच्या आसपास. त्या मानाने हा वाटा किती मोठा! त्यातले लोह पुढे काही महिने पुरते. काविळीसाठी प्रकाशोपचार लागण्याचे प्रमाण थोडे वाढते, हेही सांगितले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस एक ते तीन मिनिटे थांबण्याची आहे. बाळाला तातडीने श्वास द्यावा लागणार असेल तर गोष्ट वेगळी.

आपल्याकडे हे रक्त चैनीचे नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सहा महिने ते पाच वर्षे वयाची 67.1 टक्के भारतीय मुले रक्तक्षयग्रस्त आढळली. 2018 च्या 'अ‍ॅनिमिया मुक्त भारत' कार्यक्रमात उशिरा नाळ कापण्याचा समावेश झाला तो उगाच नव्हे.

मग आज ती वेळ कोण ठरवते? कागदावर शिफारस आहे. प्रत्यक्षात खाटा भरलेल्या असतात, परिचारिकेच्या हाती दुसरी बाळंतीण असते, आणि जिची नाळ तिला त्या क्षणी कोणी विचारीत नाही. विचारायचे तर ते आधी, नवव्या महिन्याच्या तपासणीत, तिनेच डॉक्टरांना विचारायला हवे. त्या विद्यार्थिनीला पुढल्या खेपेस आम्ही एवढे तरी सांगू.