परदेशात फी पाठवताना ‘झिरो चार्ज’ला भुलू नका

जळगाव-धुळ्याची मुलंमुली आता एमबीबीएससाठी किर्गिझस्तान, कझाकस्तानपर्यंत जातात. फी पाठवताना आपण बँकेत फक्त कमिशन विचारतो. मोठा पैसा मात्र डॉलरच्या दरात जातो. म्हणून आम्ही हिशोबच मांडतो.

दर : बँकेने बाजारभावापेक्षा डॉलरमागे दीड रुपया जास्त लावला, तर ५,००० डॉलरवर ७,५०० रुपये गेले. पावतीवर ते ‘चार्ज’ म्हणून दिसत नाहीत.

मधली बँक : स्विफ्टने जाणाऱ्या रकमेतून मधली बँकही आपला वाटा कापू शकते. मग फी अपुरी पोहोचते आणि कॉलेज बाकी मागतं. अर्जावर ‘आवर’ पर्याय निवडला, तर हा खर्च इथेच भरता येतो.

जीएसटी : चलन बदलण्यावर किमान ४५ रुपये.

टीसीएस : १ एप्रिल २०२५ पासून एका आर्थिक वर्षात १० लाखांपर्यंत फी पाठवल्यास तो लागत नाही. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून फी भरली, तर त्यापुढेही नाही. कापला गेलाच, तर रिटर्नमध्ये दाखवून वळता करून घ्या. तो बुडीत खर्च नव्हे.

खर्च वाचवायला एजंटाकडे रोख देऊन हवालाने पैसे पाठवू नका. ते बेकायदा आहे. फेमा कायद्यात रकमेच्या तिपटीपर्यंत दंडाची तरतूद आहे.

एकाच दिवशी दोन-तीन बँकांना विचारा : “कॉलेजच्या खात्यात पूर्ण ५,००० डॉलर पोहोचायला माझ्या खात्यातून एकूण किती रुपये जातील?” उत्तर लेखी घ्या, मगच सही करा.