शत्रूची खूण

वसई-विरारकडे ‘त्यांना टाटाला नेलंय’ एवढे म्हटले, की पुढचे काही सांगावे लागत नाही. परळचे हे रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. त्या काळी कर्करोगावर मुख्य उपाय दोनच होते, शस्त्रक्रिया आणि किरणोपचार. शरीराच्या स्वतःच्या रोगप्रतिकारशक्तीला या लढाईत उतरवण्याची कल्पना मात्र त्याहूनही जुनी आहे.

१८९१ मध्ये न्यूयॉर्कचे शल्यविशारद विल्यम कोली यांनी एका रुग्णाला मुद्दाम जंतुसंसर्ग घडवला. ताप चढला आणि गाठ आक्रसली. असे का झाले, हे तेव्हा उलगडले नाही. मुख्य अडचण होती ओळख पटण्याची. जंतू बाहेरचा असतो, तर कर्करोगाची पेशी आपल्याच पेशीतून बिघडून झालेली. घरभेद्याला पहारेकऱ्याने ओळखायचे कसे? त्यासाठी पेशीवर काही वेगळी खूण हवी. या खुणेला शास्त्रात प्रतिजन म्हणतात. माणसाच्या टी-पेशींना ओळखू येणारा कर्कगाठीवरचा असा प्रतिजन १९९१ मध्ये बेल्जियममधील थिएरी बून यांच्या गटाने शोधला.

मोठे यश मिळाले ते मात्र वेगळ्याच खुणेमुळे. ‘सीडी-१९’ हे प्रथिन रक्तातील बी-पेशींवर असते, मग त्या निरोगी असोत की कर्करोगाच्या. रुग्णाच्या टी-पेशी बाहेर काढून, त्यांना ही खूण ओळखायला शिकवून पुन्हा शरीरात सोडतात. हीच कार-टी उपचारपद्धती. तिच्यात निरोगी बी-पेशीही मरतात. पण त्यांच्यावाचून माणूस जगू शकतो. अमेरिकेने २०१७ मध्ये या उपचाराला मान्यता दिली. किंमत कोट्यवधी रुपयांत होती.

आयआयटी मुंबईचे प्रा. राहुल पुरवार आणि टाटा रुग्णालयाचे डॉक्टर यांनी हे तंत्र इथेच विकसित केले. ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘नेक्सकार-१९’ला मान्यता मिळाली. चाचण्यांत सुमारे ७३ टक्के रुग्णांनी प्रतिसाद दिला. परदेशाच्या साधारण दहाव्या हिश्श्यात हा उपचार होऊ लागला. तरीही सुरुवातीला सांगितला गेलेला खर्च चाळीस लाखांच्या आसपास होता. आपल्याकडे अनेकांच्या राहत्या घराची ही किंमत.

म्हणूनच एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हा उपचार बी-पेशींच्या काही रक्तकर्करोगांसाठी आणि लिम्फोमासाठी आहे. तोही इतर उपचारांनंतर रोग उलटला किंवा दाद देईनासा झाला तर. तोंडाच्या किंवा स्तनाच्या गाठीवर असते ते प्रथिन बहुधा इतर महत्त्वाच्या अवयवांतही सापडते. तिथे नेम धरला, तर तो अवयवच दुखावतो. त्या गाठींसाठी निर्धोक खुणेचा शोध अजून चालू आहे. कुणी नव्या उपचाराचे नाव सांगितले, तर घर गहाण टाकण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, ‘आमच्या रोगावर ती खूण आहे का?’ तोंडातला न भरणारा व्रण किंवा स्तनातली गाठ मात्र आजही लवकर दाखवलेलीच बरी.