हिंजवडीपलीकडचा एक थेंब

हिंजवडी फेज थ्रीमधून कासारसाई धरणाकडे गाडी काढली की थोड्याच वेळात आयटीच्या काचा संपतात. पुढे मावळ-मुळशीच्या शिवेवर, कासारसाई-दारुंब्रेला, संत तुकाराम सहकारी साखर कारखाना आहे. हंगामात उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकलो की मीही वैतागतो. पण तो ऊस आजच का तुटला? पुढच्या आठवड्यात का नाही?

लागणीची तारीख असतेच, पण ऊस पिकलाय का हे रसाचा थेंब सांगतो. उभ्या उसाला टोचून थेंब काढायचा, रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर ठेवायचा आणि उजेडाकडे धरून बघायचं. वर निळं, खाली पांढरं, मधली रेघ म्हणजे ब्रिक्स. बुडख्याचा आणि शेंड्याचा आकडा जवळजवळ सारखा आला की ऊस पक्व.

यामागे आहे अपवर्तनांक, म्हणजे द्रवात शिरताना प्रकाश किती वाकतो त्याचं माप. पाण्याचा १.३३३, त्यात २० टक्के साखर असली की १.३६४. पूर्वी हे मोजायला पोकळ प्रिझममध्ये द्रव भरावा लागे. जर्मनीत येना इथल्या अर्न्स्ट आबे यांनी १८७४ साली आपलं उपकरण प्रसिद्ध केलं: दोन प्रिझम आणि मध्ये थेंबाचा पातळ थर. बास!

आजच्या मायक्रोफ्लुइडिक चिपमध्ये तो थर केसाएवढ्या नळीत जातो. लेसर टाकला की प्रकाशाचे पट्टे दिसतात. द्रव बदलला की पट्टे सरकतात. नॅनोलिटरभर द्रव पुरतो. रक्त किंवा प्रथिनं तपासायला हे भारी आहे, पण उसाला कशाला? रसाची काय कमी आहे?

अडचण वेगळीच आहे. शेतकऱ्याला पैसे वजनावर मिळतात आणि एफआरपी कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर ठरते. २०२४-२५ ला १०.२५ टक्के उताऱ्यासाठी क्विंटलला ३४० रुपये होती. तुमचा ऊस गोड, शेजाऱ्याचा फिका, तरी दर एकच. वर तोडणी लांबली की ऊस वाळतो, वजन घटतं, आणि ते नुकसान मात्र तुमचं एकट्याचं. मला हे पटत नाही. निदान तोडणीसाठी भांडताना आपल्या हातात आपला आकडा हवा.

साधा रिफ्रॅक्टोमीटर ऑनलाइन हजार-दोन हजारांत मिळतो. घ्याल तर एटीसीवाला घ्या. ब्रिक्सचं माप २० अंश सेल्सिअसला धरलेलं असतं. ३० अंशांच्या दुपारी साध्या यंत्रात तोच रस साधारण पाऊण ब्रिक्सने कमी दिसतो.