पोलीस दप्तराची नक्कल : हक्काचा इतिहास

पोलीस ठाण्यातील मराठी मुख्यतः फारसी शब्दांवर उभी आहे. फिर्याद, जबाब, पंचनामा, रोजनामचा, दप्तर, नक्कल हे शब्द उर्दू आणि मराठी दोन्ही भाषकांना घरचे वाटतात. या दप्तरातील कागद मात्र सामान्य माणसाला फार काळ परकेच राहिले. ही स्थिती कशी बदलली आणि किती बदलली, याचा मागोवा उद्बोधक आहे.

१८६१ च्या पोलीस कायद्याच्या कलम ४४ ने ठाणे अंमलदारावर रोजनामचा ठेवण्याचे बंधन घातले. तक्रार, तक्रारदार, अटक झालेला इसम, जप्त मुद्देमाल, साक्षीदार या सर्वांची नोंद त्यात व्हावयाची. तो तपासण्याचा अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्यास होता. ज्याची तक्रार, त्याचा उल्लेख तेथे नव्हता. १८७२ च्या पुरावा कायद्याने सार्वजनिक दस्तऐवजाची प्रमाणित नक्कल देण्याची तरतूद केली. पण ज्यास तो दस्तऐवज पाहण्याचा हक्क आहे, त्यालाच. हा हक्क कोणास, हे त्या कायद्याने सांगितले नाही. १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्याने तर गोपनीयता हाच कारभाराचा स्थायीभाव बनवला. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, हैदराबाद ही संस्थाने आणि पोर्तुगीज गोवा यांचा कारभार वेगळा होता. तथापि विलीनीकरणानंतर आणि गोवामुक्तीनंतर ही चौकट तेथेही आली.

स्वातंत्र्योत्तर काळातील महत्त्वाचे पाऊल १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत दिसते. प्रथम खबरी अहवालाची प्रत खबर देणाऱ्यास तत्काळ व विनामूल्य द्यावी, असे कलम १५४ ने बजावले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ने हा हक्क पीडितालाही दिला. ही प्रत मिळवण्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करावा लागत नाही.

खबर देणारा, पीडित किंवा आरोपी यांव्यतिरिक्त कोणी कागद मागितला, तर काय? गोव्याने १९९७ मध्ये, कर्नाटकाने २००० मध्ये आणि महाराष्ट्राने २००२ मध्ये माहितीच्या हक्काचे आपापले कायदे केले. १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्रीय कायदा पूर्णतः अमलात आला आणि १८७२ ने मोकळी सोडलेली जागा भरून निघाली. अर्जदाराने कारण सांगण्याची गरज उरली नाही. १९२३ च्या कायद्याशी विसंगती आल्यास २००५ चा कायदा वरचढ ठरेल, असे कलम २२ म्हणते.

तरीही नकाराची वाट उरली. माहितीमुळे तपासास अडथळा येत असेल तर ती नाकारता येते. ‘तपास चालू आहे’ एवढेच उत्तर मात्र पुरेसे नाही. अडथळा कसा येईल हे दाखवावे लागते, असा निर्वाळा दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये भगतसिंग खटल्यात दिला. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये संवेदनशील गुन्हे वगळता प्रथम खबरी अहवाल चोवीस तासांत संकेतस्थळावर ठेवण्याचा आदेश दिला. याच न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये आरोपपत्र हा सार्वजनिक दस्तऐवज मानण्यास नकार दिला. दार उघडले खरे, पण सताड नाही.

म्हणून अर्ज कसा लिहिला आहे यावर बरेच अवलंबून असते. तो संबंधित पोलीस कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे करावा. ‘कारवाई का झाली नाही?’ असा जाब विचारण्याऐवजी ठाणे, दिनांक, गुन्हा क्रमांक देऊन नेमका कागद मागावा : अमुक तारखेच्या रोजनाम्यातील नोंद, अर्जावरील शेरे, जावक क्रमांक. मुदत तीस दिवसांची; जीवित वा स्वातंत्र्याचा प्रश्न असल्यास अठ्ठेचाळीस तासांची. काही मजकूर गोपनीय असला तरी उरलेला भाग वेगळा काढून मागता येतो. नकार आल्यास तीस दिवसांत पहिले अपील आणि त्याच्या निर्णयानंतर नव्वद दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरे.

महाराष्ट्राबाहेरील मराठी भाषकास भाषेचीही अडचण येते. अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या प्रदेशाच्या राजभाषेत करावयाचा असतो. बेळगावात केवळ मराठीत लिहिलेला अर्ज अडू शकतो; तेथे कन्नड, हिंदी वा इंग्रजीचा आधार घ्यावा लागतो. ज्यास लिहिता येत नाही, त्याचे तोंडी म्हणणे लिहून घेण्यास मदत करणे हे अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. ही तरतूद फारच थोड्यांना ठाऊक असते.

इतिहासाच्या अध्यापकांसाठी कलम ८ चे तिसरे उपकलम मोलाचे आहे. वीस वर्षांपूर्वीच्या घटनेबाबत तपासाच्या अडथळ्यासह बहुतेक अपवाद गळून पडतात. दंगल, आंदोलन, स्थानबद्धता यांचे जुने कागद त्यामुळे अभ्यासकाच्या आवाक्यात येतात. अट एवढीच की ते शिल्लक असावेत. ठरावीक मुदतीनंतर दप्तर नष्ट होते किंवा अभिलेखागारात जाते. ज्या वस्तीचा इतिहास केवळ ऐकीव कथांवर उभा आहे, तिच्यासाठी उशिरा केलेला अर्ज म्हणजे कायमचा गमावलेला पुरावा ठरू शकतो. महाविद्यालयातील विद्यार्थ्यास असा एक अर्ज लिहावयास शिकवणे हे नागरिकशास्त्राइतकेच इतिहासाचेही अध्यापन आहे.