महाराष्ट्रातील अग्निशस्त्रांमुळे होणारे मृत्यू

महाराष्ट्रातील अग्निशस्त्रांमुळे होणारे मृत्यू म्हणजे बंदूक, रायफल, पिस्तूल, रिव्हॉल्व्हर किंवा गावठी कट्टा यांतून सुटलेल्या गोळीने राज्यात झालेले मृत्यू होत. त्यांत खून, आत्महत्या, अपघात, तसेच पोलिसांचा गोळीबार व चकमकींतील मृत्यूंचा समावेश होतो. रस्ते अपघात, आत्महत्या व रोग यांच्या तुलनेत राज्यात या मृत्यूंची संख्या अल्प आहे. मात्र ते राज्यभर समप्रमाणात विखुरलेले नसून काही ठरावीक प्रदेशांत व काही मोजक्या घटनांत एकवटलेले आढळतात.

वर्गीकरण

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत गोळीने झालेल्या मृत्यूसाठी एकच संकेतांक नाही. अपघात, स्वतःला केलेली इजा, दुसऱ्याने केलेला हल्ला, हेतू अनिश्चित असलेल्या घटना आणि कायद्याच्या अंमलबजावणीतील गोळीबार असे हेतूनुसार वेगवेगळे गट त्यात केले आहेत. त्यामुळे 'बंदुकीने झालेले मृत्यू' ही संख्या या सर्व गटांची बेरीज असते. केवळ खुनांचा आकडा घेतल्यास ती अपुरी राहते.

नोंदणी

जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार प्रत्येक मृत्यूची नोंद बंधनकारक आहे. तथापि २०२० मध्ये भारतातील नोंदणीकृत मृत्यूंपैकी केवळ २२.५ टक्के मृत्यूंचे कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित झाले होते. अशा प्रमाणित मृत्यूंत रक्ताभिसरण संस्थेच्या विकारांचा वाटा सर्वाधिक, म्हणजे ३२.१ टक्के होता.

अनैसर्गिक मृत्यूंची नोंद पोलीस ठाण्यात होते. अशा प्रकरणी आकस्मिक मृत्यू दाखल केला जातो. विदर्भात त्यास 'मर्ग' असेही म्हणतात. यानंतर पंचनामा व शवविच्छेदन होते. १ जुलै २०२४ पासून ही कार्यवाही भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ नुसार होते. त्यापूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ नुसार होत असे. गोळीने झालेला मृत्यू या प्रक्रियेतून सहसा सुटत नाही. याउलट सर्पदंश व उष्माघात यांचे अनेक बळी रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीच दगावतात. त्यामुळे ते नोंदीत कमी दिसतात.

इतर कारणांशी तुलना

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग आणि केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालय यांच्या अहवालांनुसार २०२२ मधील महाराष्ट्राची आकडेवारी पुढीलप्रमाणे आहे :

- आत्महत्या : २२,७४६ (दर लाख लोकसंख्येमागे १८.१). ही संख्या देशात सर्वाधिक होती. देशातील एकूण संख्या १,७०,९२४ होती.
- रस्ते अपघातांतील मृत्यू : १५,२२४ (दर लाखामागे सुमारे १२). देशात १,६८,४९१.
- शेतकरी व शेतमजुरांच्या आत्महत्या : ४,२४८ (वरील आत्महत्यांत समाविष्ट). देशात ११,२९०.
- सर्व प्रकारच्या शस्त्रांनी वा अन्य मार्गांनी झालेले खून : २,२९५ (दर लाखामागे १.८). देशात २८,५२२.

गोळी झाडून केलेले खून हे यांतील शेवटच्या आकड्याचा केवळ एक भाग आहेत. राज्यातील प्रत्येक खून बंदुकीने झाला असे घटकाभर मानले, तरी ती संख्या रस्ते अपघातांतील मृत्यूंच्या सुमारे एक-सप्तमांश आणि आत्महत्यांच्या सुमारे एक-दशांश भरते. मुंबई उपनगरी रेल्वेच्या हद्दीत २०२३ या एका वर्षात झालेले मृत्यूही अडीच हजारांहून अधिक, म्हणजे २०२२ मधील राज्यातील एकूण खुनांपेक्षा जास्त होते.

सर्पदंशाबाबत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सुमारे १२ लाख, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार व्यक्ती दगावल्या. ही सरासरी देशातील वार्षिक खुनांच्या सुमारे दुप्पट आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने सर्पदंशाची नोंद बंधनकारक करण्याची सूचना राज्यांना केली.

नागपूर आणि विदर्भ

नागपूर शहरातील खुनांचे लोकसंख्येशी प्रमाण देशातील महानगरांमध्ये अनेक वर्षे चर्चेचा विषय राहिले आहे. शहराची लोकसंख्या मुंबई वा दिल्लीपेक्षा बरीच कमी असल्याने थोड्या घटनांनीही दर लाखामागील प्रमाण लक्षणीय बदलते.

नागपूरच्या अलीकडच्या इतिहासातील सर्वांत मोठी सामूहिक मृत्यूची घटना गोळीबाराची नव्हती. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी विधानभवनावर निघालेल्या गोवारी समाजाच्या मोर्चावर पोलिसांनी लाठीमार केल्यानंतर झालेल्या चेंगराचेंगरीत ११४ जण मरण पावले. १७ डिसेंबर २०२३ रोजी नागपूर जिल्ह्यातील बाजारगाव येथे स्फोटकांच्या कारखान्यात स्फोट होऊन नऊ कामगार ठार झाले. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये पिकावर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक जण दगावले. उन्हाळ्यातील बळी कमी करण्यासाठी नागपूर महानगरपालिका उष्माघात प्रतिबंधक कृती आराखडा राबवते.

नागपूर महसुली विभागातीलच गडचिरोली जिल्ह्याचे चित्र निराळे आहे. माओवादी संघर्षामुळे तेथे गोळीने झालेले मृत्यू दीर्घकाळ एकवटलेले राहिले. ८ ऑक्टोबर २००९ रोजी लाहेरी येथे १७ पोलीस मारले गेले. एप्रिल २०१८ मध्ये कसनासूर परिसरात व त्यापाठोपाठ झालेल्या चकमकींत मिळून ४० जण मारले गेले. १३ नोव्हेंबर २०२१ रोजीच्या चकमकीत किमान २६ माओवादी ठार झाले. १ मे २०१९ रोजी जांभुळखेडा येथे १५ पोलीस व एका वाहनचालकाचा मृत्यू भूसुरुंगाने झाला. ही घटना याच संघर्षातील असली तरी अग्निशस्त्रांच्या गणनेत मोडत नाही.

मुंबईतील सामूहिक घटना

डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मधील मुंबई दंगलींत ९०० व्यक्ती मरण पावल्याचे न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने नमूद केले. त्यांपैकी ३५६ मृत्यू पोलीस गोळीबारात, ३४७ भोसकल्याने, ९१ जाळपोळीत, ८० जमावाच्या हल्ल्यात, २२ खासगी गोळीबारात आणि चार अन्य कारणांनी झाले. म्हणजे गोळीने झालेल्या ३७८ मृत्यूंपैकी सुमारे ९४ टक्के पोलिसांच्या गोळीने झाले होते. २६ नोव्हेंबर २००८ रोजी सुरू झालेल्या मुंबई हल्ल्यात हल्लेखोर वगळता १६६ जण मरण पावले. त्यांतील बहुसंख्य मृत्यू गोळीबारातील होते.

कायदेशीर नियंत्रण

शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांनुसार अग्निशस्त्र बाळगण्यास परवाना लागतो. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत पोलीस आयुक्त आणि अन्यत्र जिल्हादंडाधिकारी परवाना देतात. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या शस्त्रांची कमाल संख्या सामान्यतः तीनवरून दोनवर आणली. समारंभात निष्काळजीपणे गोळीबार करणेही स्वतंत्र गुन्हा ठरवण्यात आले. देशात गोळी झाडून होणाऱ्या खुनांत परवानाधारक शस्त्रांपेक्षा विनापरवाना शस्त्रांचा वापर कितीतरी अधिक आढळतो.

जागतिक संदर्भ

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २०१६ मध्ये जगात सुमारे २.५१ लाख व्यक्ती गोळीने मरण पावल्या. त्यांतील निम्मे मृत्यू ब्राझील, अमेरिका, मेक्सिको, कोलंबिया, व्हेनेझुएला व ग्वाटेमाला या सहा देशांत झाले. अमेरिकेत २०२१ मध्ये ४८,८३० व्यक्ती गोळीने दगावल्या. ही संख्या तेथील रस्ते अपघातांतील सुमारे ४३ हजार मृत्यूंपेक्षा अधिक होती. त्यांत २६,३२८ आत्महत्या व २०,९५८ खून होते. महाराष्ट्रातील क्रम याच्या नेमका उलट आहे. शस्त्रांची घरोघरी उपलब्धता हे या फरकाचे प्रमुख कारण मानले जाते.

तुलनेच्या मर्यादा

मृत्यूंच्या संख्येवरून आरोग्य व सुरक्षेच्या खर्चाचा प्राधान्यक्रम ठरवणे उपयुक्त असले, तरी केवळ संख्या पुरेशी नसते. हृदयविकाराचे मृत्यू बहुधा उतारवयात होतात, तर हिंसा व अपघात यांचे बळी प्रामुख्याने तरुण असतात. त्यामुळे आयुष्यातील गमावलेली वर्षे मोजल्यास क्रम बदलतो. राज्याच्या सरासरीत गडचिरोलीसारख्या जिल्ह्याची जोखीम झाकली जाते. पोलिसांच्या गोळीने झालेल्या मृत्यूत राज्यसंस्थेच्या उत्तरदायित्वाचा प्रश्न असतो आणि तो आकडा लहान असल्याने गौण ठरत नाही. तसेच एखाद्या कारणाचे मृत्यू कमी असणे हे नियंत्रण यशस्वी झाल्याचेही द्योतक असू शकते. त्यामुळे अल्प संख्येवरून ते नियंत्रण अनावश्यक असल्याचा निष्कर्ष काढता येत नाही.

हे सुद्धा पहा

- राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग
- शस्त्र अधिनियम, १९५९
- गोवारी हत्याकांड
- श्रीकृष्ण आयोग
- विदर्भातील शेतकरी आत्महत्या